काकांच्या अंगठ्याखाली गेलेली ओळ

जातीच्या दाखल्यापुरतंच बघायचं होतं, ठीक आहे. पण फोटो तरी नीट काढायचा!

2023 साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि आमच्या घरात सगळ्यांना एकदम पूर्वजांचा पुळका आला. ज्यांना आजोबांची तिथी आठवत नाही ते निफाड तालुक्यातल्या गावाचं कोतवाल बुक हुडकत फिरायला लागले. गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंद, सगळं मोडीत. आजोबांचा जन्म 1921 चा, जातीच्या रकान्यात 'कु.', म्हणजे कुणबी, निघालं. झालं! पेढे वाटले, तेवढ्या एका ओळीची नक्कल घेतली, फाइल बंद.

परवा रात्री झोप येईना म्हणून मी तो फोटो मोठा करून बघत बसले. मोडी शिकलेय मी, पण अजून अडखळते. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरकच नाही आणि शब्द एकमेकांना चिकटलेले. तरी लागलं वाचायला. आजोबांच्या खालच्याच ओळीत तीच तारीख. बापाचं नाव तेच. पुढे 'मुलगी'. आणि त्याच्या पुढे काय? अंगठा! तंबाखू मळून मळून पिवळा पडलेला, पान दाबून धरलेला आमच्या काकांचा अंगठा.

म्हणजे आजोबांना जुळी बहीण होती. शंभर वर्षांत घरात कोणी अवाक्षर काढलं नाही आणि सात जणांनी तो फोटो बघून 'कु.' वर लाल गोल केला!

काकांना फोन केला तर म्हणतात, "अगं, आपलं काम झालं ना? आता कशाला उकरतेस?" त्या कचेरीत गेले तर दप्तर स्कॅनिंगला गेलंय, सोमवारी या. कुठला सोमवार ते विचारायचं नाही. तीन सोमवार झाले.

मग म्हटलं रामकुंडावर जाऊ. पंचवटीत आपल्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितलं की घराण्याची वही निघते, हे नाशिककराला सांगायला नको. गुरुजींनी बिचाऱ्यांनी दोन चोपड्या धुंडाळल्या. पणजोबा, त्यांचे भाऊ, मुलगे, सुना, कोण कुणाच्या अस्थी घेऊन गोदावरीवर आलं, सगळं आहे. लेकी? लेकी नाहीत. "त्या सासरच्या वहीत असतात, ताई. सासरचं गाव सांगा." अहो, तिचं नाव माहीत नाही, ती पाचवी पुजेपर्यंत तरी जगली का ते माहीत नाही, सासरचं गाव कुठून आणू?

आणि चुलतभावाचं तर वेगळंच. बाबांच्या अस्थी घेऊन गेलो होतो तेव्हा यानं वहीतली नोंद मोबाइलवरच्या वंशावळीत चढवली. नोंद शके 1869 ची, म्हणजे 78 मिळवून 1947. आजोबा त्यांच्या आईच्या अस्थी घेऊन आले तेव्हाची. यानं 1869 तसंच इसवी म्हणून टाकलं! आमचे आजोबा जन्माच्या 52 वर्षं आधी रामकुंडावर येऊन गेले. त्यावर अकरा नातेवाइकांनी हात जोडलेत. इंजिनिअर आहे म्हणे.

माझाही राग येतो मला. त्या दिवशी मीही तिथेच होते. वही समोर उघडी होती आणि मी माझं नाव कसं लिहितात ते बघत होते. सही केली आणि बाहेर येऊन चहा प्यायले. मागचं एक पान उलटलं असतं तर काय बिघडलं असतं?

काल पुन्हा काकांना कळवलं, त्या पानाचा दुसरा एखादा फोटो असेल तर बघा, कडेकडेचा, तिरका, कसाही चालेल. सकाळी उत्तर आलं. वर 'शुभ सकाळ', खाली फोटो.

तोच. अंगठ्यासकट.