इंजिन पळतंय, ट्रॅक्टर नाही

आमच्या गावात माणूस आजारी पडला तर त्याला निदान डॉक्टरकडे तरी नेतात. ट्रॅक्टर आजारी पडला की त्याच्यावर इलाज करायचा हक्क अख्ख्या गावाला मिळतो.

पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला आमचं शिवार. पावसाळ्यात भात, पुढं ऊस, त्यामुळं ट्रॅक्टरला चिखलापासून कारखान्यापर्यंत सगळीकडं राबावं लागतं. यंदा ऐन तोडीत, भरलेली ट्रॉली ओढ्याच्या चढाला लागली आणि इंजिनानं एकदम गळा काढला. आरपीएमचा काटा सरसर वर चढला, ट्रॉली मात्र तसूभर हलेना. पाठोपाठ तो वास आला. एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही असा, जळक्या क्लचचा.

आता याच्यात निदान करण्यासारखं फारसं काही नव्हतं. इंजिनात दम नसेल तर लोडला त्याचा आवाज बसतो, ते घुसमटतं, काळा धूर ओकतं. इथं आवाज उलट वाढला होता. म्हणजे इंजिन ताकद देत होतं आणि ती चाकापर्यंत पोचायच्या आधीच मधे कुणीतरी खात होतं. पण हे ऐकायला कुणाला सवड होती? ओढ्याच्या काठावर तोवर तज्ज्ञ समिती जमली होती.

"चाकं हलकी पडल्यात," थोरले चुलते आप्पा म्हणाले. "टायरात पाणी भर."

मागच्या टायरात पाणी भरून वजन वाढवतात हे खरंच आहे. नांगरटीला चाक जागच्या जागी फिरून माती उकरायला लागलं की त्याचा उपयोगही होतो. पण आमचं चाक फिरतच नव्हतं. "आप्पा, चाक घसरत न्हाई, ते उभं हाय," मी म्हटलं. त्यावर आप्पांनी 'उभं हाय म्हणजेच वजन न्हाई' असा काहीतरी सिद्धांत मांडला. थोरल्या माणसाशी किती वाद घालायचा!

शेजारचे तात्या पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले. त्यांचं मत, डिझेलात पाणी झालंय. म्हणजे एकाला पाणी घालायचं होतं आणि दुसऱ्याला काढायचं होतं. तिसरे गृहस्थ काहीच न बोलता बॉनेटवरून हात फिरवत होते. शेवटी हळूच म्हणाले, "गिअरबॉक्स गेला. आता ह्याच्यावर खर्च करू नगंस. मीच बघतो एखादं गिऱ्हाईक." हे जुन्या ट्रॅक्टरांचे एजंट आहेत, हे सांगायलाच नको.

गिअरबॉक्सचं म्हणाल तर आमच्याकडच्या साध्या ट्रॅक्टरात तो निव्वळ दातांचा खेळ. दातात दात बसला तर बसला, सुटला तर सुटला. सुटला की दांडा खटकन उडून न्यूट्रलला येतो आणि हातालाही ते कळतं. थोडं धरायचं, थोडं सोडायचं, असं मधलं राजकारण दातांना जमत नाही. ते क्लचचं काम. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या महागड्या गिअरबॉक्सांची गोष्ट वेगळी, पण असला ट्रॅक्टर आमच्या ओढ्यात कशाला येईल?

दुपारी मिस्त्री आला. त्यानं कुणालाच काही विचारलं नाही, हा त्याचा पहिला मोठेपणा. आधी क्लचचं पेडल दोन बोटांनी दाबून पाहिलं. वरचं इंचभर अंतर पेडल मोकळं दबायला हवं. आमचं पहिल्यापासूनच घट्ट. म्हणजे पेडलानं सरकणारं बेअरिंग रात्रंदिवस फिंगरांवर, प्लेट सैल करणाऱ्या बोटांवर, टेकलेलं आणि इंजिनाची ताकद पुढं नेणारी क्लचची प्लेट कधीच पुरती आवळलेली नाही. त्यानं दांडी ॲडजस्ट करून मोकळीक आणली. मग ट्रॉली सोडली, दोन्ही ब्रेक जोडून गच्च दाबले, हाय, म्हणजे जास्त वेगाच्या, रेंजमधला वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडत गेला. क्लच धड असेल तर अशा वेळी इंजिन आचका देऊन बंद पडतं. आमचं खुशाल चालू!

"परत एकदा दावा की," मागून आवाज आला.

"परत दावायला प्लेट काय तुझ्या बापाची हाय?" मिस्त्री म्हणाला. बरोबरच होतं, या परीक्षेत जेवढा वेळ जातो तेवढी प्लेट जळते.

आमचा क्लच डबल. एक प्लेट चाकांची, एक पीटीओची, म्हणजे मागं जोडलेलं अवजार फिरवणाऱ्या दांड्याची. म्हणून त्यानं रोटाव्हेटर जोडायला लावला. चाकं रेंगाळली पण रोटाव्हेटरनं जोरात माती फोडली, तर दुखणं एकाच प्लेटचं. इथं रोटाव्हेटरही मातीला टेकताच मलूल पडला. दोन्ही प्लेटा एकदम कशा झिजतील? मिस्त्री काही न बोलता खाली सरपटला आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर क्लच ज्यात बसतो त्या घराचा तळातला बूच फिरवू लागला. चिखलणीत पाणी आत जाऊ नये म्हणून हे भोक बंद करतात, आणि भात लावून झालं की उघडतात. उघडायचं असतं, असं म्हणूया. आमच्याकडं लावणीपासून तोडीपर्यंत ते बंदच. बूच निघाला आणि काळं तेल भळाभळा मिस्त्रीच्या बाहीत.

त्यानं ते चिमटीत चोळलं, हुंगलं. गिअरचं तेल दाट असतं, त्याचा उग्र वास लपत नाही. हे पातळ होतं, इंजिनाचं. "क्रँकचं मागचं, इंजिनाचं तेल अडवणारं सील गेलंय. तेलाला वाट न्हाई, मग ते जाणार कुठं? प्लेटा न्हाऊन निघाल्यात."

क्लचपर्यंत पोचायला ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. पुढचा ॲक्सल डुलू नये म्हणून त्यावर लाकडी पाचरी ठोकल्या, ओंडके लावले, बोल्ट सोडले आणि दोन्ही धडं वेगळी केली. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिच्यावर आवळते त्या इंजिनाच्या जड चकतीवर, तापून पडलेले निळे-जांभळे डाग, प्लेटेचं लायनिंग रिबिटांपर्यंत उतरलेलं. प्लेट हातोहात फिरली. आप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "बघ, वजन कमी पडलं की असं हुतं." तात्यांना तिच्यात डिझेलातलं पाणी दिसलं. एजंटांनी पाहिलीच नाही, ते गिऱ्हाइकाला फोन लावत होते.

सील, दोन्ही प्लेटा, बेअरिंग सगळं नवं बसलं. फ्लायव्हील खरादीवर जाऊन आलं. मिस्त्रीनं बजावलं, सुरुवातीला जड ओढ नको, प्लेट बसू द्या. पण तोडकऱ्यांची टोळी फडात बसलेली, ती काय प्लेट बसायची वाट बघणार?

जाताना त्यानं ड्रायव्हरला जवळ बोलावलं. "डावा पाय दिवसभर क्लचवर ठेवतोस न्हवं? न्हाई ठेवायचा."

ड्रायव्हर गोंधळला. "मग कुठं ठेवू?"

"घरी ठेवून ये," मिस्त्री म्हणाला.