स्टारबक्स ही छुपी बँक? हिशेब तर मांडून बघा

‘स्टारबक्स ही कॉफी कंपनी नाहीच, छुपी बँक आहे. लोक ॲपमध्ये पैसे भरून ठेवतात, कंपनी ते बिनव्याजी वापरते, विसरलेले गिळते. कॉफी हा निव्वळ देखावा. म्हणून तिला कोणी हरवू शकत नाही.’ हा मजकूर अधूनमधून फिरत असतो. आकडे खरे असतात, पण त्यातून काढलेला अर्थ भलताच.

स्टारबक्सच्या प्रीपेड कार्डांत आणि ॲपमध्ये ग्राहकांचे साधारण १७५ कोटी डॉलर पडून असतात. ऐकून डोळे विस्फारतात. पण २०२४ च्या आर्थिक वर्षात कंपनीचं उत्पन्न ३,६०० कोटींच्या वर होतं. म्हणजे ही रक्कम जेमतेम अठरा दिवसांची उलाढाल! पाच टक्क्यांनी व्याज लावलं तरी वर्षाला नऊ कोटींच्या आत. धंद्यातला नफा मात्र पाचशे कोटींच्या पुढे. शिवाय बँक ठेवीतून कर्जं वाटते आणि ठेवीदाराला रोख परत देते. इथे परतफेड कॉफीच्या कपात होते.

विसरलेले पैसे? वर्षाला साधारण २० कोटी डॉलर कंपनी उत्पन्नात धरते. ग्राहकहक्क म्हणून त्यावर जरूर भांडा, मीही सोबत आहे. पण हा आकडा उत्पन्नाच्या एक टक्काही भरत नाही.

मग आगाऊ पैसे घ्यायचेच कशाला? एक तर क्रेडिट-डेबिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे कंपनीच्या खिशातून ठरावीक शुल्क जातं. पाच डॉलरच्या कपावर ते टोचतं, पंचवीस डॉलर एकदाच भरून घेतले की एकदाच जातं. दुसरं, सवय. खात्यात दोन डॉलर उरलेत, पेय त्याहून महाग. गिऱ्हाईक पुन्हा पैसे भरतं, पुन्हा थोडे उरतात, की पुन्हा इथेच येणं आलं.

‘कोणी हरवू शकत नाही’ हे तर चीनकडे न बघताच लिहिलेलं दिसतं. लकिन कॉफी ही चिनी साखळी २०१७ मध्ये सुरू झाली. २०२० मध्ये फुगवलेल्या विक्रीचं बिंग फुटलं, नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारावरून तिला बाहेर पडावं लागलं. एवढी बेअब्रू होऊनही २०२३ मध्ये चीनमधल्या वार्षिक विक्रीत तिने स्टारबक्सला मागे टाकलं. कशाच्या जोरावर? ॲपवर ऑर्डर, छोटं दुकान, बसायला फारशी जागा नाही, आणि कूपन लावलं की ९.९ युआनला कप. जुलै ते सप्टेंबर २०२४ या तिमाहीत स्टारबक्सच्या जुन्या दुकानांतली विक्री चीनमध्ये १४ टक्क्यांनी घटली, अमेरिकेत ६ टक्क्यांनी. तेव्हा ते १७५ कोटी काही कामी आले नाहीत.

त्याच सप्टेंबरात चिपोटले या मेक्सिकन खाद्यसाखळीतून आलेल्या ब्रायन निकोल यांनी स्टारबक्सची सूत्रं हाती घेतली. त्यांनी लक्ष्य ठेवलं ते चार मिनिटांत गिऱ्हाइकाच्या हाती पेय देण्याचं. कारण मोबाइलवरच्या ऑर्डरी काउंटरवर साचत होत्या आणि समोर रांगेत उभा असलेला माणूस कंटाळून निघून जात होता. ज्या ॲपला लोक तिजोरी म्हणतात, त्यानेच ही कोंडी करून ठेवली होती.