पेट्रोलच्या वासाबद्दल दिलेल्या एका स्टारला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री पोरानं वाचून दाखवला. गाडी अकरा दिवस ठेवून घेतली, 14,800 रुपये घेतले, तिसऱ्याच दिवशी पेट्रोलचा वास परत आला, आणि निपाणीत हायवेच्या कडेला एका मिस्त्रीनं वीस मिनिटांत, दोनशे रुपयांत तो बंद केला. शेवटी सल्ला, की बेळगावात गाडी देऊ नका, नुसतं गेज लावून लुटतात. सोबत डिकीतला एक फोटो.

आधी फोटोचं बोलतो, भांडण नंतर. फोटोत टाकीच्या वरचं फ्लोट युनिट दिसतंय, पेट्रोलचा काटा ज्याच्यावर चालतो ते. त्याच्याभोवती मळून लावायचं सील थापलंय. तेवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण शेजारून जाणारी बारीक नळीही त्या लगद्यात बुडलेली दिसते. ती टाकीची श्वासाची नळी. इंजिन जेवढं पेट्रोल जाळतं, तेवढी हवा टाकीत यायला लागते. ती आली नाही की टाकी आतून चोखली जाते, पंप रडायला लागतो, गाडी रस्त्यात दम सोडते, आणि झाकण उघडलं की काही झालंच नाही अशी परत चालू होते. उन्हात उभी केली तर उलटं, आत वाफ कोंडते. झाकण फिरवताना ‘भुस्स’ असा आवाज येतो का, तेवढं आज बघा. येत असेल तर गाडी लांब नेऊ नका आणि टाकी फुल करू नका. वास गेला तो गळती थांबली म्हणून गेला असं समजू नका, टाकीचं नाक दाबलंय म्हणून गेलाय.

पण जागा त्या मिस्त्रीला बरोबर सापडली, हे मान्य. ती मला सापडायला पाहिजे होती.

आता अकरा दिवसांचं. इथं बाकीचे लोकही वाचतात म्हणून थोडं खोलात सांगतो. तुमची गाडी 1981 ची मर्सिडीज 280 ई. फियाट, अँबॅसडर बघितलेल्या माणसाला बोनेट उघडल्यावर पहिला प्रश्न पडतो, कार्बोरेटर कुठं आहे? तो नाहीच. बॉशनं 1973 मध्ये काढलेली के-जेट्रॉनिक सिस्टीम आहे. के म्हणजे जर्मनमधलं ‘सतत’. सहाही इंजेक्टर इंजिन चालू असेपर्यंत सतत फवारत असतात, कॉम्प्युटरनं उघडझाप नाही. हवेच्या ओढीनं एक तबकडी उचलली जाते, ती वाटपाच्या डब्यातला, म्हणजे सहाही इंजेक्टरना पेट्रोल वाटून देणाऱ्या डब्यातला, दट्ट्या वर ढकलते, आणि जेवढा दट्ट्या वर तेवढं पेट्रोल जास्त. सुंदर डोकं लावलंय. पण त्यासाठी पंपाला पाच बारच्या आसपास दाब द्यावा लागतो. कार्बोरेटरच्या गाडीत पाव बारमध्ये काम भागतं. तुमच्या टायरात हवा असते दोन-सव्वादोन बार. म्हणजे टायरच्या दुप्पट दाबानं पेट्रोल मागच्या ॲक्सलपासून बोनेटपर्यंत जातं, आणि वाटेत जोड किती, ते मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत.

अशा गाडीत गळती खाली ठिपका पाडत नाही, हाच खरा त्रास. केसाएवढी चीर असली तरी पेट्रोल बारीक धुक्यासारखं बाहेर येतं आणि जमिनीवर पडायच्या आत उडून जातं. शिवाय इंजिन बंद असलं की पंपही बंद. नुसती चावी फिरवली तर रिले, म्हणजे पंपाला करंट देणारा स्विच, एखाद-दोन सेकंद पंप चालवतो आणि तोडतो. मग बंद गाडीखाली टॉर्च घेऊन कितीही वेळ पडून राहा, सगळं कोरडंच दिसणार.

पहिले दोन दिवस मी चुकीच्या टोकाला बसलो होतो. बोनेट उघडलं की वास यायचा, म्हणून वाटपाच्या डब्यावर संशय धरला. पाइप जोडणारे पोकळ बॅन्जो बोल्ट खोलले, जुने तांब्याचे वायसर (वॉशर) काढून सगळे नवे घातले. ते एकदा दाबले गेले की परत वापरू नयेत, हे खरं असलं तरी गळती तिथं नव्हती. हा माझा अंदाज चुकला.

तिसऱ्या दिवशी गाडी वर घेतली. तर खालून सगळी ओली. पाऊस कसा होता तुम्हाला ठाऊक आहे, खानापूर रोडवरून नुसती आणली तरी पोटाला चिखल. ओल्या गाडीत ओलं काय शोधणार? साबणानं धुतली, हवा मारली, रात्रभर पंखा लावून ठेवला. सकाळी पंप, फिल्टर आणि त्यांच्यामधल्या पाइपांवर घामोळ्याची पावडर मारली. हसू नका, पेट्रोलचा थेंब शोधायला याच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं काही नाही. मग रिले काढून तिथं फ्यूजवाली तार जोडली, म्हणजे इंजिन बंद ठेवून पंप एकटा चालतो. आग विझवायचा सिलिंडर शेजारी, दोन्ही शटर उघडी, आणि आमच्या मामा मिस्त्रींना बिडीसकट रस्त्याच्या पलीकडं पाठवलं. चौथ्या मिनिटाला पंपाच्या पुढच्या पाइपवर पावडर काळसर व्हायला लागली.

तो पाइप बघूनच कपाळाला हात लावला. कुणीतरी मागं कधीतरी कार्बोरेटरच्या गाडीचा कमी दाबाचा रबरी पाइप कापून तिथं घातला होता, आणि आवळायला खाचावाली साधी क्लिप. ती क्लिप रबरात रुतून बसली होती. सुरीनं उभा कापला तेव्हा आतलं रबर बोटाला काळं लागत होतं. 2023 पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. आपल्याच जिल्ह्यातला ऊस, त्याच्याबद्दल तक्रार कशी करणार? पण जुन्या नायट्राइल रबराला ते मानवत नाही. फुगतं, मऊ पडतं, नाहीतर वाळून तडकतं. अशा गाडीला इंजेक्शनच्या दाबाचा, आतून वायटनचं, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं, अस्तर असलेला पाइप लागतो. तो इथं दुकानात मिळाला नाही, पुण्याहून मागवला. त्यातच अनंत चतुर्दशी आली. कपिलेश्वर तलावावर विसर्जन दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतं, तोवर शहरात कुरिअर फिरत नाही आणि कामावर पोरंही येत नाहीत. तुम्ही निपाणीचे, तुम्हाला हे मी सांगायला नको. तरीपण दोन दिवस फोन केला नाही ही चूक आमचीच.

आता त्या गेजचं, ज्यानं म्हणे आम्ही लुटतो. पाइप बदलल्यावर दाब मोजला, बरोबर होता. मग पंप बंद करून काट्याकडं बघत बसलो. या सिस्टीममध्ये एक दाब साठवायचा डबा असतो. गाडी बंद केल्यावरही तो थोडा दाब धरून ठेवतो, म्हणजे गरम इंजिनात पेट्रोलची वाफ होऊन परत चालू करताना त्रास होत नाही. कुठं गळती असेल तर काटा लगेच झोपतो. तुमच्या गाडीत अर्ध्या तासानंतरही तो 2.6 वर होता. पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं कोरडं, याचा हा पुरावा. व्हिडिओ पोराच्या मोबाईलमध्ये आहे, पाठवतो.

आणि इथंच मी फसलो. गेज पंपाच्या पुढचं दाखवतं. टाकी पंपाच्या मागं आहे, तिथं दाबच नसतो. टाकीच्या वरचं, फ्लोट युनिटखालचं गॅस्केट चिरलेलं असलं तर काटा शंभर वेळा 2.6 दाखवेल. या मॉडेलमध्ये टाकी मागच्या सीटच्या पाठीमागं उभी असते, तिच्या डोक्यावरून वास आला की तो डिकीतून थेट आत. तुमची गाडी आली तेव्हा टाकीत जेमतेम दहा-बारा लिटर पेट्रोल होतं. तेवढ्यावरच मी खानापूरपर्यंत जाऊन आलो, काचा बंद ठेवून, आणि वास नाही म्हणून गाडी तुमच्या हवाली केली. तुम्ही निपाणीला जाऊन टाकी फुल केलीत, तवंदी घाट उतरला-चढला, पेट्रोल हिंदकळून गॅस्केटपर्यंत पोहोचलं. म्हणजे वास ‘परत’ आला नाही. तो दुसरा वास होता, आणि पहिल्यापासून होता.

रिव्ह्यू ऐकल्यावर जॉब कार्ड काढून बघितलं. पहिल्या दिवशी पोरानं तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलंय: ‘फुल टाकी केल्यावर जास्त येतो’. पाच शब्द. पंप न चालवता, पावडर न मारता त्यावरूनच टाकीकडं बघायला पाहिजे होतं. मी ते कार्ड काल रात्री पहिल्यांदा वाचलं.

बिलाचं थोडक्यात. पाइप 4,600, फिल्टर 1,900, वायसर 700, कुरिअर 600, मजुरी 7,000. वाटपाच्या डब्याचं काम माझ्या चुकीच्या संशयानं झालं, त्याचे वायसर आणि 1,800 मजुरी असे 2,500 परत देतो. पाइप आणि फिल्टरचे पैसे परत देणार नाही. तो पाइप गेला असता तर पाच बारनं पेट्रोल गरम सायलेन्सरच्या आसपास उडालं असतं. कापलेला तुकडा ठेवलाय, येऊन बघा.

दोनशे रुपयांत काम होतं, असं लिहिलंय. त्या मिस्त्रीला नावं ठेवत नाही, हायवेवर माणूस घरी पोचवायचा असतो, त्यानं पोचवलं. पण इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ते सील किती दिवस धरेल याची खात्री मी देणार नाही, तोही देणार नाही.

बुधवारी सकाळी टोईंगचा टेम्पो तुमच्याकडं पाठवतो, भाडं माझं. गाडी चालवत आणू नका. सील खरवडून काढू, श्वासाची नळी मोकळी करू, ती आतून चिकटली असेल तर बदलू. गॅस्केट उद्यमबागेत वायटनच्या शीटमधून कापून घेतो, तासाभराचं काम आहे. टाकीतलं पेट्रोल आहे तेवढंच असू दे, वर भरू नका, फ्लोट काढताना कमी असलेलंच बरं. जोडून झाल्यावर पंपावर नेऊन मी फुल करतो, आणि तुम्ही शेजारी बसा, काचा लावून वंटमुरी घाटातून जाऊन येऊ.