चेंजरमुळे रेकॉर्ड घासते? थोडा खुलासा

‘ऑटोमॅटिक चेंजरमध्ये एकीवर एक पडून रेकॉर्ड खराब होतातच’ असा मेसेज फिरतोय. (चेंजर म्हणजे थर लावलेल्या रेकॉर्ड एकामागून एक आपोआप वाजवणारा रेकॉर्ड प्लेअर.) हे सरसकट खरं नाही. बऱ्याच एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) हातात घेऊन आडव्या धरून बघा: कडा आणि लेबलचा भाग किंचित जाड असतो, सुई ज्यातून फिरते त्या खाचांचा भाग खाली राहतो. थर लागला तरी खाचा सहसा एकमेकींना टेकत नाहीत. (धूळ मात्र आधी पुसाच.)

खरा घात करते झिजलेली सुई आणि सुईवरचं जास्तीचं वजन. आर्म (सुईचा दांडा) मध्येच अडकत असेल तर बहुतेकदा आतल्या यंत्रणेतलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. वरून तेल मारू नका, रबरी चाकाला लागलं तर ते घसरतं. ग्रीस खरवडून, स्पिरिटने पुसून नवं लावा. आर्म पुन्हा अलगद उतरताना बघणं फार सुखाचं असतं!