पोपोविचच्या माथी खापर फोडण्याआधी

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या २०१३ च्या सॅन अँटोनियो स्पर्स विरुद्ध मायामी हीट अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘स्पर्सचा कोच पोपोविच याने ऐन वेळी उंचापुऱ्या टिम डंकनला बेंचवर बसवलं आणि हातात आलेलं विजेतेपद घालवलं.’ स्पर्स मालिकेत ३-२ ने पुढे, २८ सेकंद बाकी, गुण स्पर्सच्या बाजूने ९४-८९. मायामीच्या कोर्टाभोवती बक्षीस समारंभाचे पिवळे दोरसुद्धा आले होते.

म्हणे, कोच गडबडला. पाच गुणांनी मागे पडलेला संघ शेवटी थ्रीच (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) मारणार, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यात मायामीचा सर्वांत उंच खेळाडू ख्रिस बॉश बाहेरून शूट करणारा. ३७ वर्षांच्या डंकनला आर्कवर, म्हणजे थ्रीच्या रेषेवर पळवण्यापेक्षा त्याचा सहकारी बोरिस डिऑला ठेवून प्रत्येक स्क्रीनवर (प्रतिस्पर्धी वाट अडवायला उभा राहिला की) राखायचा माणूस बदलणं, हा सरळ हिशेब होता.

‘डंकन असता तर रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) गेलाच नसता.’ या मुद्द्यात दम आहे, पण अर्धाच. मायामीच्या लेब्रॉन जेम्सचा पहिला थ्री हुकला, सुटा चेंडू पुन्हा मायामीकडे गेला आणि लेब्रॉनने दुसरा घातला: ९४-९२. त्यानंतर स्पर्सच्या लेनर्डच्या फ्री थ्रोनंतर (फाउल झाल्यावर मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट) बचावाला डंकनला कोर्टवर ठेवता आलं असतं. तिथे पोपोविचला जाब विचारा, जरूर विचारा. पण बॉशला राखायला डंकनलाही बास्केट सोडून बाहेर यावं लागलं असतं, हे कोणी बोलत नाही.

आणि जर-तरच करायचं तर फ्री थ्रोचं करा ना! शेवटच्या अर्ध्या मिनिटात स्पर्सच्या जिनोबिलीने दोनपैकी एक घातला, २१ वर्षांच्या लेनर्डनेही दोनपैकी एकच. हुकलेले ते दोन आत गेले असते तर ९५-९२ ऐवजी ९७-९२ असतं आणि एका थ्रीने बरोबरी झालीच नसती. माझ्या मते खरा वादाचा निर्णय वेगळाच आहे: तीन गुणांची आघाडी असताना शूट होण्याआधी मुद्दाम फाउल का केला नाही? दोन फ्री थ्रोंनी बरोबरी होत नाही. अर्थात, फाउल क्षणभर उशिरा झाला तर तीन फ्री थ्रो द्यावे लागतात, म्हणून तोही निर्णय डोळे झाकून घेण्यासारखा नाही.

‘स्पर्सनी कच खाल्ली’ म्हणताना मायामीच्या रे ॲलनचं श्रेय मात्र गिळलं जातं. ९५-९२ असताना लेब्रॉनचा थ्री हुकला आणि बॉशच्या हाती रिबाउंड येताच हा गडी खाली न बघता उलट्या पावली उजव्या कोपऱ्यात गेला. तिथे रेषेबाहेर उभं राहायला जेमतेम तीन फुटांची पट्टी. पाय बरोबर त्या पट्टीत, थ्री आत, ५.२ सेकंद बाकी, ९५-९५. बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत पाठीवर पडायचं, उठून उलटं पळत कोपरा गाठायचा आणि शूट करायचं, असा सराव तो वर्षानुवर्षं करत आला होता.

बरं, तेव्हा सामना नुसता बरोबरीत आला होता. पुढे पाच मिनिटांचा ओव्हरटाइम झाला, तो मायामीने १०३-१०० असा जिंकला. मग सातवा सामना. त्यात शेवटच्या मिनिटात मायामी दोन गुणांनी पुढे असताना डंकन कोर्टवरच होता. बास्केटजवळचा त्याचा शॉट हुकला, लगेच चेंडू बोटांनी ढकलून केलेला टिपही हुकला, आणि स्पर्स ९५-८८ असे हरले.