झाडावरचं मॉस रस पीत नाही भो, आंबे खरडू नका

शहाद्यापासून जामनेरपर्यंत सगळ्या ग्रुपवर एकच फोटो फिरतोय, तोरणमाळच्या जंगलातलं, मॉसनं (म्हणजे शेवाळासारख्या मऊ, बारीक पानांच्या वनस्पतीनं) हिरवंगार झालेलं खोड, आणि खाली लिहिलंय की ही फ्युनेरिया, ही झाडाचा रस पिते, कायम उत्तरेलाच उगवते, उन्हाळ्यात मरते, आंब्यावर दिसली तर खरडून मोरचूद लावा. आमच्या काकांनी खरंच दोन आंब्यांची खोडं खरडली, साल सोलली गेली, म्हणून लिहितोय.

आधी नाव. शाळेच्या पुस्तकात फ्युनेरिया होती म्हणून दिसेल ते मॉस फ्युनेरिया नसतं. ती बहुतेक उघड्या ओल्या मातीवर, जुन्या भिंतीवर, जळालेल्या जागेवर येते, तिचा लांब देठ वर वाकलेला आणि टोकाला लोंबणारी नासपतीसारखी बोंडी. फोटोतलं तर सालीला चिकटून सतरंजीसारखं पसरलंय, बोंडी एक नाही. नक्की जात सांगायला पानाची मधली शीर, पेशींचा आकार बघावा लागतो, म्हणजे भिंग आणि मायक्रोस्कोप, मोबाईलच्या फोटोवर ते होत नाही. आणि खाली जे राखाडी पापुद्रे आहेत ते मॉसच नाही, आपल्या काळ्या मसाल्यात दगडफूल पडतं ना, त्या गोतातलं आहे ते.

रस पिण्याचं म्हणाल तर मॉसला खरी मुळंच नसतात, बारीक धाग्यांनी ते साल धरून बसतं, पाणी पानांतूनच घेतं आणि अन्न स्वतः बनवतं. रस पितं ते बांडगूळ, ते फांदीत घुसतं, कापायचं तर ते कापा. थकलेल्या झाडावर मॉस जास्त दिसतं कारण पानं विरळ झाली की खोडाला उजेड मिळतो, झाड थकलं ते मॉसमुळे नाही.

उत्तरेची बाजू सावलीची म्हणून मॉस तिथेच, हे तर आपल्याकडे अजिबात धरू नका. ऐन पावसाळ्याच्या तोंडाला, जूनमध्ये, दुपारचा सूर्य सातपुड्यावर डोक्याच्याही जरा उत्तरेला असतो आणि पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, मग मॉस जिथून पाणी ओघळतं तिथे येतं, कललेल्या खोडाच्या वरच्या अंगाला, नाल्याकाठी चहूबाजूंनी. त्यावर दिशा धरून जंगलात चाललात तर चुकाल.

उन्हाळ्यात मरतं हेही खोटं, ते फक्त वाळतं. मे महिन्यात सातपुड्यातल्या पाल गावच्या जंगलात गेलात तर खोडावरच्या त्या करड्या, कुरकुरीत झुबक्यावर बाटलीतलं थोडं पाणी शिंपडा आणि थांबून बघा, मिटलेली पानं डोळ्यांदेखत उघडतात.