एक ठोका उशिरा

लग्नाच्या शूटिंगवर पोट भरणाऱ्यानं डॉक्युमेंटरीच्या नादी लागू नये, असं आमची ही पहिल्यापासून सांगत होती. पण सोलापुरात राहून यंत्रमागावर फिल्म करायची नाही, तर काय बर्फावर करायची? पूर्व भागातल्या एका कारखान्यात टॉवेल विणणारे एक मामा गाठले. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला, माइक मामांच्या कॉलरला. नंतर आवाज चित्राला जुळवायला खूण हवी; क्लॅपबोर्ड नव्हता म्हणून मी जोरात टाळी वाजवली. मागांच्या खटाखटीत ती माझी मलाच ऐकू आली नाही.

तरी आवाज चित्राला जुळवला. सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटण असतं. कॅमेऱ्यातला आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज यांचे चढउतार ताडून ते दोन्ही एकमेकांवर बसवतं. जे बसले नाहीत ते तुकडे तीन रात्री जागून हातानं बसवले. आता फक्त पुण्याच्या साउंडवाल्या पोराकडे पाठवायचं. मी ‘फक्त’ म्हणालो, तिथंच चुकलं.

‘सर, एएएफ पाठवा.’ कुठला तुकडा कुठून कापला आणि कुठे ठेवला, याचा सगळा हिशेब त्या फाइलीत असतो. ती प्रो टूल्स या साउंडवाल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की टाइमलाइन जशीच्या तशी मांडली जाते. मी एक्स्पोर्ट केलं. अख्खी फिल्म चारशे केबीत! स्वतःवरच खूष होऊन व्हॉट्सअॅपवर धाडली. अर्ध्या तासात फोन. ‘सर, सगळे क्लिप ऑफलाइन दिसतायत. मीडिया एम्बेड केलं नाहीत.’ आवाज त्या फाइलीत भरलाच नव्हता. म्हणजे पत्रिका पुण्याला पोचली आणि वऱ्हाड माझ्या डी ड्राइव्हमध्येच बसून राहिलं.

वऱ्हाड गाडीत भरलं. पुन्हा फोन. ‘हँडल किती दिलेत?’ मी नकळत दाराकडे बघितलं. हँडल म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना लपवून ठेवलेला जादा आवाज, जोड देताना ओढून घ्यायला. शिंपी शिवणीत ठेवतो ती माया! असं सरळ मराठीत सांगितलं असतं तर पहिल्याच फटक्यात कळलं असतं. मी माया शून्य ठेवली होती. मग दोन्हीकडे ५०-५० फ्रेम दिल्या, म्हणजे आमच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबानं दोन-दोन सेकंद.

मायेनं फाइल फुगली. नेटवरून जाईना. पेन ड्राइव्ह म्हणाला, ४ जीबीच्या वरची फाइल मी घेत नाही. तो फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता. एक मित्र म्हणाला, ओएमएफ कर बे, एएएफचा थोरला भाऊ. त्याचा जीव तर २ जीबीतच संपतो. शेवटी हार्ड डिस्क शेजाऱ्यांच्या पोराबरोबर हुतात्मा एक्स्प्रेसनं पाठवली. सोबत पावशेर शेंगाचटणी. पुढचे फोन जरा गोड यायला लागले.

राहता राहिला टू-पॉप. फिल्म सुरू व्हायच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेमभर ‘टूं’ वाजवायचं, म्हणजे चित्र-आवाज जागेवर आहेत का ते कळतं. मी ते इतक्यांदा वाजवून बघितलं, की लाईट गेली समजून हिनं यूपीएस बंद केला.

अखेर मिक्स होऊन आलं. पोरगा म्हणाला, ‘टूं बरोब्बर बसलंय सर, एका फ्रेमचा फरक नाही.’ मी फोन आणि हेडफोन घेऊन मामांकडे धावलो. मामा चालू मागापाशीच बघायला लागले. बायकोशी तेलुगूत बोलतात तो भाग आला आणि त्यांनी मान हलवली.

‘ओ सर, माझं तोंड पुढं अन् आवाज मागं हाय की. एक ठोका मागं.’

मी बघितलं. माग अगदी तालात. तालात असणारच, मिनिटाला १२० ठोके, सगळे एकाच तोंडवळ्याचे. त्या बटणानं हा ठोका सोडून पुढच्याला धरलं होतं. अर्धा सेकंद. मला तेलुगू येत नाही, पुण्याच्या पोरालाही नाही. मामांचं आयुष्य मात्र या गोंगाटात समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखण्यात गेलेलं. आणि मी ती चूक एम्बेड करून, दोन्ही बाजूंना माया ठेवून, हुतात्मानं सुखरूप पोचवली होती.

पुण्याला फोन लावला. तिकडून बराच वेळ काहीच आवाज नाही. मग पोरगा म्हणाला, ‘नवीन एएएफ पाठवा सर. आणि चटणी जरा तिखट चालेल.’